विश्लेषण : दत्तक व्यक्तीला जन्मदात्या आई-वडिलांचा शोध घेता येतो का? सुरुवात कुठून करायची?

‘घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का?’ दवाखान्यातल्या फॉर्मवरचा हा प्रश्न बहुतेक जण दोन सेकंदांत भरून मोकळे होतात. दत्तक गेलेल्या व्यक्तीचा पेन मात्र तिथे थांबतो. कुणाला हा प्रश्न पहिल्या बाळंतपणाच्या वेळी पडतो, कुणाला दत्तक आई किंवा वडील गेल्यानंतर, तर कुणाला घरातले कपाट आवरताना अचानक एखादा जुना कागद हाती लागल्यावर. मग पुढचा प्रश्न येतो : माझे जन्मदाते कोण, हे मला कळू शकते का? कायद्याने तसे विचारता येते का?

थोडक्यात उत्तर असे की, विचारता येते. स्वतःच्या दत्तकविधानाची माहिती मागण्याची तरतूद भारतीय नियमांत आहे आणि संबंधित यंत्रणांनी त्यासाठी मदत करणे बंधनकारक आहे. मात्र माहिती मिळणे आणि जन्मदात्या आईची भेट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक सुरुवातीलाच समजून घेतला, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

‘रूट सर्च’ म्हणजे काय? कायदा काय सांगतो?

दत्तक व्यक्तीने आपल्या मुळांचा घेतलेला शोध म्हणजे ‘रूट सर्च’. देशातील दत्तक प्रक्रियेवर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजेच ‘कारा’चे नियंत्रण असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार कारा ही वैधानिक संस्था आहे. या कायद्याखाली आलेल्या २०१७ च्या दत्तक नियमावलीत रूट सर्चसाठी स्वतंत्र नियम होता. तिच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमावलीतही ही तरतूद कायम आहे.

नियमांचा गाभा असा : दत्तक व्यक्तीने संपर्क साधल्यास दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, राज्य दत्तक संसाधन यंत्रणा आणि कारा यांनी तिला शोधासाठी मदत करायची. वय १८ पेक्षा कमी असेल, तर दत्तक पालकांसोबत संयुक्त अर्ज करावा लागतो. आपण संस्थेत कुठून आणि कोणत्या परिस्थितीत आलो, आपले दत्तकविधान कोणत्या प्रक्रियेने झाले, ही माहिती अर्जदाराला मिळू शकते.

त्याचबरोबर दोन मर्यादाही आहेत. पहिली म्हणजे त्रयस्थ व्यक्तीला असा शोध घेता येत नाही. दुसरी म्हणजे दत्तक व्यक्तीच्या हक्कामुळे जन्मदात्या पालकांच्या खासगीपणाच्या हक्काला धक्का लागता कामा नये.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही या हक्काला आधार आहे. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मंजूर केला. मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवणे आणि देशाच्या कायद्यात बसेल तितकी ती त्याला योग्य मार्गदर्शनासह उपलब्ध करून देणे, ही जबाबदारी हा करार सरकारी यंत्रणांवर टाकतो.

सुरुवात घरातून का करायची?

अनेक जण पहिली पोस्ट फेसबुकवर टाकतात किंवा थेट डीएनए चाचणीचे किट शोधू लागतात. पण सर्वात उपयोगी कागद बहुतेक वेळा घरातल्याच कपाटात असतात. ते आधी गोळा करा.

- दत्तक आदेश : १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात. त्याआधी तो न्यायालयाकडून मिळत असे. त्यावर प्रकरण क्रमांक, तारीख आणि संस्थेचे नाव असते.
- संस्थेने ठेवलेले नाव : दत्तक जाण्यापूर्वी संस्थेत मुलाला एक नाव दिले जाते. जुन्या नोंदवह्यांत तुमची नोंद आजच्या नावाने नव्हे, तर त्या नावाने असण्याची शक्यता जास्त. ते माहीत नसेल, तर फाइल समोर असूनही सापडत नाही.
- बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल : मूल सोपवताना दत्तक पालकांना या प्रती दिल्या जातात.
- संस्थेशी झालेला पत्रव्यवहार, पावत्या, लसीकरणाचे कार्ड, जुने फोटो.

जन्म दाखल्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. दत्तकविधानानंतर मिळणाऱ्या दाखल्यावर दत्तक पालकांचीच नावे असतात. सापडलेल्या बाळाच्या बाबतीत तर जन्मतारीखही अनेकदा डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते. त्यामुळे दाखल्यावरची तारीख घेऊन रुग्णालयाचे रजिस्टर शोधायला गेल्यास हाती काही न लागण्याची शक्यता असते.

घरातून सुरुवात करण्याचे दुसरे कारण म्हणजे दत्तक आई-वडील. कागदावर नसलेल्या कित्येक गोष्टी त्यांना आठवत असतात. संस्थेतल्या कोणत्या ताईंनी बाळ हातात दिले, त्या काय बोलल्या, बाळ किती दिवसांचे होते, हे त्यांच्याकडूनच कळेल. ‘आमच्या मायेत काय कमी पडले?’ हा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शोधाबद्दल त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेले बरे.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

पहिला अर्ज ज्या संस्थेतून दत्तकविधान झाले तिच्याकडे करावा. संस्थेचे नाव माहीत नसेल किंवा ती बंद पडली असेल, तर त्या जिल्ह्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. राज्य पातळीवर पुण्यातील महिला व बालविकास आयुक्तालय आणि देश पातळीवर दिल्लीतील कारा, असे पुढचे टप्पे आहेत. थेट काराकडेही अर्ज करता येतो.

अर्ज साध्या भाषेत, पण नेमका लिहावा. आजचे नाव, संस्थेतले नाव, जन्मतारीख, संस्थेत दाखल झाल्याची व दत्तक गेल्याची तारीख आणि दत्तक पालकांची नावे त्यात असावीत. ओळखपत्र आणि दत्तक आदेशाची प्रत सोबत जोडावी. ‘माझ्या आईचा पत्ता द्या’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘माझ्या फाइलमधील, नियमांनुसार देता येईल ती सर्व माहिती द्यावी’ असे लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

केवळ आजारांची माहिती हवी असेल, तर तेही स्पष्ट लिहा. आनुवंशिक आजाराबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देणे जन्मदात्रीला भेटीपेक्षा सोपे वाटू शकते.

माहिती अधिकारात अर्ज करून काम होईल का, असाही प्रश्न विचारला जातो. तिथे त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती नाकारण्याची तरतूद आहे. शिवाय सगळ्या दत्तक संस्था सरकारी नसतात. त्यामुळे रूट सर्चचा अर्ज हाच पहिला मार्ग.

फाइलमध्ये काय सापडू शकते?

तुम्ही संस्थेत कसे आलात, यावर ते अवलंबून असते. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला, पालकांनी स्वतः ताब्यात दिलेले मूल. आजच्या कायद्यानुसार आई किंवा आई-वडील बालकल्याण समितीसमोर समर्पणपत्रावर सही करतात. निर्णय बदलण्यासाठी त्यांना ६० दिवसांची मुदत असते. जुन्या काळी हे काम संस्थेतच, स्टॅम्प पेपरवर, साक्षीदारांच्या सह्यांनी होत असे. अशा फाइलमध्ये आईचे नाव, गाव, वय आणि मूल देण्याचे कारण असू शकते. मात्र बदनामीच्या भीतीने नाव-पत्ता खोटा सांगितला गेला असण्याची शक्यताही धरून चालावे लागते.

दुसरा, सोडून दिलेले मूल. रुग्णालयात, रेल्वे स्थानकात किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेल्या बाळाच्या फाइलमध्ये पालकांचे नाव नसते. पण माग अगदीच नसतो असेही नाही. पोलीस ठाण्यातील नोंद, बाळ सापडल्याची जागा आणि वेळ, अंगावरचे कपडे, दाखल केलेल्या रुग्णालयाचे कागद, पालकांच्या शोधासाठी वृत्तपत्रात दिलेली जाहिरात, यांतले काही ना काही असू शकते. कायद्याने असे मूल दत्तक देण्यास मुक्त घोषित करण्यापूर्वी पालकांचा शोध घ्यावा लागतो. त्या शोधाचे कागद हाच तुमच्या शोधाचा पहिला धागा.

अशा व्यक्तींच्या बाबतीत शोध अनेकदा एखाद्या जागेपाशी येऊन थांबतो, हे कटू आहे. तरीही आपण कुठे सापडलो, कुणी उचलून घेतले, पहिले काही दिवस कुणी सांभाळले, हे कळणे ही लहान गोष्ट नाही.

जन्मदात्रीने नकार दिला तर?

मूल देताना जन्मदात्या पालकांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर आधी त्यांची संमती घ्यावी लागते. ही संमती दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बालकल्याण समितीने मिळवायची असते. अर्जदाराने परस्पर संपर्क करायचा नसतो. पालकांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तर मूल कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत दिले गेले, एवढे अर्जदाराला सांगितले जाते.

हा नियम अनेकांना अन्यायकारक वाटतो. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. महाराष्ट्रात अशा मुलांसाठीच्या कामाचा इतिहास विधवा आणि कुमारी मातांच्या लपवलेल्या बाळंतपणांशी जोडलेला आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ मधले. नाव बाहेर फुटणार नाही, या भरवशावरच स्त्रिया अशा ठिकाणी येत. पुढच्या शतकात संस्था बदलल्या, कायदे बदलले, पण अविवाहित आईची ती भीती फारशी बदलली नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मूल देऊन गेलेली मुलगी आज पन्नाशीची असेल. तिचे लग्न झाले असेल, मुले असतील, आणि त्या घरात कुणालाही काही माहीत नसेल. पत्र घरातला कुणीही फोडू शकतो आणि फोन कुणीही उचलू शकतो. दारात अचानक उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसामुळे तिचा संसार उद्ध्वस्त होऊ शकतो. म्हणूनच पहिला संपर्क प्रशिक्षित समाजसेवकामार्फत होणे तिच्याइतकेच तुमच्याही हिताचे आहे. घाबरून दिलेला पहिला नकार हा कायमचा नकार ठरू शकतो.

नकार आल्यास तुमचे नाव, संपर्क आणि तिच्यासाठीचे एक पत्र फाइलमध्ये ठेवण्याची विनंती संस्थेला करा. उद्या तिचे मन बदलले आणि ती संस्थेत आली, तर तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता खुला राहील.

नात्यातले किंवा घरगुती दत्तक असेल तर?

काकाने पुतण्याला, मावशीने भाचीला दत्तक घेण्याची पद्धत जुनीच आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार झालेल्या अशा दत्तकविधानात संस्था नसते, त्यामुळे फाइलही नसते. पण बहुतेक वेळा दत्तकपत्र असते. नोंदणीकृत दत्तकपत्रावर मूल देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोघांच्याही सह्या असतात, म्हणजे जन्मदात्या पालकांचे नाव त्यात येतेच. मूळ प्रत हरवली असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत मागता येते. त्यासाठी नोंदणीचे वर्ष आणि तालुका माहीत असावा लागतो.

रुग्णालयातून किंवा ओळखीच्या दाईकडून परस्पर मूल घेतल्याच्या घटनाही घडत आल्या आहेत. तिथे ना आदेश असतो, ना दत्तकपत्र. अशा वेळी नातेवाइकांची आठवण हाच आधार उरतो. कायदेशीर गुंतागुंत असू शकते, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

परदेशात वाढलेल्यांनी काय करावे?

मुंबई-पुण्यातून अनेक मुले युरोप-अमेरिकेत दत्तक गेली. उदाहरणार्थ, १९७३ ते २००२ या काळात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक भारतीय मुले गेली. त्यातील काही प्रकरणांचा झुरिच आणि थुरगाऊ या प्रांतांनी अभ्यास करून घेतला. तपासलेल्या फायलींत जन्मदात्या पालकांचे संमतीपत्र आढळले नाही. त्यामुळे कागदांत मोठी पोकळी असेल, ही तयारी ठेवावी.

परदेशी पालकांना त्या काळी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली भारतीय न्यायालयातून पालकत्वाचा आदेश मिळत असे. प्रत्यक्ष दत्तकविधान त्यांच्या देशात पूर्ण होई. म्हणून अशा व्यक्तीच्या दोन फायली असतात : एक त्या देशातील संस्थेकडे किंवा सरकारी दप्तरात, दुसरी भारतात. मुंबईतील प्रकरणांत उच्च न्यायालयातील पालकत्वाच्या याचिकेचे कागदही महत्त्वाचे ठरतात. लहानपणी मिळालेला भारतीय पासपोर्ट जपून ठेवलेला असेल, तर त्यावर संस्थेतले नाव सापडू शकते. अर्ज त्या देशातील मान्यताप्राप्त दत्तक संस्था, तिथले केंद्रीय प्राधिकरण किंवा भारतीय दूतावासामार्फतही करता येतो.

डीएनए चाचणीने शोध लागतो का?

कधी कधी लागतो, पण भारतात अपेक्षा बेताचीच ठेवावी. अशा कंपन्या तुमच्या लाळेतील डीएनएची त्यांच्या ग्राहकांच्या डीएनएशी तुलना करतात. तुमचा नातेवाईक त्याच कंपनीच्या यादीत असेल, तरच जुळणी दिसते. या याद्यांत अमेरिकी आणि युरोपीय लोकांचा भरणा आहे. त्यामुळे भारतीय व्यक्तीला बहुतेक वेळा परदेशात स्थायिक झालेले दूरचे भाऊबंद तेवढे दिसतात.

जुळणी ‘सेंटीमॉर्गन’ या एककात मोजतात. आई किंवा वडिलांशी ती साधारण ३,५००, सख्ख्या भावंडाशी २,६०० च्या आसपास, सख्ख्या चुलत-मावस भावंडाशी सरासरी ८५० आणि पुढच्या पिढीतील चुलत भावंडाशी २३० च्या घरात असते.

इथे एक खास भारतीय अडचण आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झाल्यामुळे आणि मामाच्या मुलीशी लग्नासारख्या प्रथांमुळे दोन व्यक्तींचे नाते अनेक बाजूंनी जुळलेले असते. मग सहा-सात पिढ्यांपूर्वीचा संबंधही आकड्यांत जवळचा भासतो. म्हणून नुसती बेरीज पाहू नये. सलग जुळणारा सर्वात मोठा तुकडा किती लांब आहे, ते पाहावे. लहान लहान तुकड्यांची मोठी बेरीज म्हणजे बहुधा दूरचे नाते.

खासगीपणाची जोखीमही आहेच. ‘२३अँडमी’ या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. चाचणी करायचीच असेल, तर नमुना नष्ट करण्याचा आणि माहिती पुसण्याचा पर्याय आहे का, ते आधी तपासा. तसेच एखाद्या व्यक्तीचा नमुना तिच्या नकळत मिळवून तपासण्याच्या फंदात पडू नका.

सोशल मीडियावर आवाहन करावे का?

घाई करू नये. स्वतःचा फोटो आणि गोष्ट टाकण्याचा निर्णय तुमचा. पण जन्मदात्रीचे नाव, गाव किंवा समर्पणपत्राचा फोटो टाकला, तर तिची संमती नसताना तिची ओळख उघड होते. एकदा व्हॉट्सॲपच्या गटांत गेलेला कागद परत घेता येत नाही. शिवाय ‘मी तुझी बहीण’ म्हणत पैसे मागणारे आणि ‘आतून फाइल काढून देतो’ म्हणणारे दलाल याच वाटेने येतात. त्रयस्थ व्यक्तीला रूट सर्चची परवानगी नाही, हे लक्षात ठेवा.

शोध लागल्यास कायदेशीर नात्याचे काय होते?

काहीही बदलत नाही. वैध दत्तकविधान शोध घेतल्यामुळे किंवा भेट झाल्यामुळे रद्द होत नाही. दत्तक पालक हेच कायद्याने आई-वडील राहतात आणि त्यांच्या मालमत्तेतील वारसाहक्कही तसाच राहतो. उलट बाजूने, दत्तकविधानानंतर जन्मदात्या घरातील वारसाहक्क संपतो. दत्तकविधानापूर्वीच तुमच्या नावे झालेली मालमत्ता असेल, तर ती मात्र तुमचीच राहते. १९५६ च्या कायद्यानुसार जन्मदात्या कुटुंबाशी असलेला लग्नासंबंधीचा निर्बंधही कायम राहतो.

ही बाब जन्मदात्या कुटुंबाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगणे उपयोगी पडते. ‘इतक्या वर्षांनी हा जमिनीत वाटा मागायला आला का?’ ही शंका तिथे मनात येऊ शकते.

आज काय करता येईल?

अर्ज करण्याआधी एका कागदावर स्वतःसाठी तीन उत्तरे लिहा. मला नेमके काय हवे आहे : आजारांची माहिती, माझी गोष्ट, की भेट? फाइल रिकामी निघाली तर मी काय करेन? आणि तिने ‘नको’ म्हटले तर? शक्य असेल तर अर्जाआधी एखाद्या समुपदेशकाशी बोला. भेट ठरली, तर पहिल्या वेळी तटस्थ ठिकाणी, समाजसेवकाच्या उपस्थितीत भेटा आणि पुढे किती वेळा भेटायचे, हे तिला ठरवू द्या.

मग कपाट उघडा, दत्तक आदेश शोधा आणि त्यावरचा प्रकरण क्रमांक, तारीख व संस्थेचे नाव वहीत उतरवून घ्या. आई-बाबा हयात असतील, तर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा : ‘मला घरी आणलं, त्या दिवशी काय काय झालं?’